शिडाची दोरी आणि मामाचं टोपलं

तुमच्या ऑफिसात असा एक जण असतोच. लाँग वीकएंडला गोवा करून येतो आणि सोमवारी लंचला सगळ्यांना तळहातावरचे फोड दाखवतो. 'विंडसर्फिंग केलं यार!' कसं होतं, विचारा. उत्तरं ठरलेली. एक तर 'सॉलिड!', नाही तर 'वाराच नव्हता', नाही तर 'वारा जास्तच होता'. बॉस, वारा काय एचआरने मागवलेला असतो का? तो कधी कमी असणार, कधी जास्त असणार. मी अशा माणसाला एकच प्रश्न विचारते, शीड कसं बांधलं होतं? त्यावर समोरचा माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याला विमानाच्या पंखाचे स्क्रू मोजायला सांगितलेत.

तर आजचा विषय तोच. शीड बांधणं. बोर्डावर उभं राहण्याआधीची, वाळूवरची वीस मिनिटं. या वीस मिनिटांचे फोटो कुणी काढत नाही.

आधी माझी ओळख, म्हणजे पुढे 'ही कोण शहाणी' असा प्रश्न नको. मी अकोटची. अकोला जिल्हा, मागे सातपुडा आणि नरनाळा किल्ला, पुढे कपाशीची वावरं. आमच्याकडे पाणी म्हणजे पोपटखेडचं नाही तर वानचं धरण, आणि वारा म्हणजे संक्रांतीचा पतंग नाही तर मे महिन्यातली तोंड भाजणारी झळ. समुद्र फक्त टीव्हीत. मास कॉमसाठी पुण्याला आले, फ्रीलान्सिंग करू लागले, एका ट्रॅव्हल स्टोरीसाठी गोव्यात दोना पावलाला गेले आणि तिथे जी अडकले ती अडकलेच. हा माझा चौथा सीझन. (फ्रीलान्सरला मंगळवारी दुपारीही समुद्रावर जाता येतं. त्या बदल्यात पेमेंट तीन महिन्यांनी येतं.)

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच ओळ आहे. वारा नॉटमध्ये मोजतात, एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. ८ नॉट म्हणजे ताशी १५ किलोमीटर, १६ नॉट म्हणजे ३०. वाटतं, दुप्पट झाला, एवढंच ना? नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. स्कूटरवर १५ च्या स्पीडला ओढणी नुसती हलते आणि ३० ला मागच्या गाडीवाल्याला सलाम करते, ते याचमुळे.

आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा ८ ते १६ चा प्रवास एकाच दिवसात होतो. हिवाळा-उन्हाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा असतो, मग मध्ये थोडा वेळ सगळं शांत. दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला आत शिरते. वायव्येकडून येणारा हा वारा बाराच्या पुढे जागा होतो आणि तीन-चारला ऐन भरात असतो. म्हणजे सकाळी दहाला ज्या शिडावर तुम्ही मजेत शिकलात, तेच शीड तीन वाजता तुम्हाला उचलून आपटू शकतं. शीड तेच, तुम्ही तेच, अंगावर येणारा जोर मात्र चौपट.

यावर पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो, साइज बदला. शीड चौरस मीटरमध्ये मोजतात. ७५ किलोच्या, बऱ्यापैकी येत असलेल्या माणसाला ११-१२ नॉटला साधारण साडेसात चौरस मीटर लागतं आणि २० नॉटला पाचच्या आसपास पुरतं. माझ्यासारखी ५५ किलोची असेल तर दोन्हीकडे आणखी लहान. नवशिक्यांना तर मुद्दाम मोठा बोर्ड आणि छोटं शीड देतात. इथपर्यंत ठीक. पण वारा काही साइजच्या हिशोबाने पायरी-पायरीने वाढत नाही. एकाच शिडाला आठ-दहा नॉटचा फरक झेलावा लागतो, आणि तो झेलता येतो दोन दोऱ्यांच्या जोरावर. एक डाउनहॉल, दुसरी आउटहॉल.

विंडसर्फिंगचं शीड म्हणजे काठीला अडकवलेलं कापड नव्हे. त्याची पुढची कड मुद्दाम फुगीर कापलेली असते आणि त्या कडेच्या लांब खिशात सरळ डोलकाठी घालतात. फुगीर कड आणि सरळ काठी, यांचं जमणार कसं? तर काठीच्या पायथ्याशी कप्प्यांतून ओवलेली दोरी असते, ती डाउनहॉल. ती शिडाला खाली ओढते, काठी धनुष्यासारखी वाकते आणि मगच शिडाला आकार येतो. आउटहॉल दुसऱ्या टोकाला. आपण ज्या आडव्या दांडीला धरतो ती बूम. शिडाचा मागचा कोपरा बूमच्या शेवटापर्यंत ओढणारी दोरी म्हणजे आउटहॉल. या दोघींत डाउनहॉल थोरली. सासूबाई म्हणा हवं तर.

आणि आता ती गंमत, जी मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी ट्रेनरला तीनदा विचारलं, 'नक्की?'

आपल्याला वाटतं, दोरी ओढली की शीड ताठ होणार. डाउनहॉल ओढला की खालून ताठ होतंही. पण वरच्या भागात, मागच्या कडेला, ते चक्क सैल पडतं. लफलफायला लागतं. वाळूवर आडवं ठेवलेलं असताना वरचा तो भाग इतका गबाळा दिसतो की नवीन माणूस हमखास म्हणतो, 'अहो, हे नीट नाही झालंय.' आणि दोरी सोडून सगळं कसं गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखं करतो. ते गुळगुळीत शीड मंद वाऱ्यात एक वेळ चालेल. जोराच्या वाऱ्यात तेच धोक्याचं.

कारण सोपं आहे. पाण्यालगत वारा घासून मंदावतो, वर तो जास्त वेगात असतो. मध्येच जोराचा झोत आला की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त ढकलला जातो तो शिडाचा शेंडा. शेंडा ताठ असेल तर पूर्ण धक्का उंचावर बसतो, आणि उंचावर बसलेला धक्का माणसाला पालथा पाडतो. शेंडा सैल असेल तर तो झोतासरशी उघडतो, जास्तीचा वारा सांडून देतो आणि परत जागेवर येतो. शिवाय वाऱ्याचा जोर शिडात खाली आणि पुढे, आपल्या दोन हातांच्या मध्ये राहतो. म्हणून वारा वाढला की डाउनहॉल आणखी ओढायचा. किती? एक-दोन सेंटिमीटरनेसुद्धा फरक कळतो. काही कंपन्या शिडाच्या वरच्या भागावर खुणाच छापतात, मंद वाऱ्याला सैलपणा इथवर, जोराच्या वाऱ्याला तिथवर. खूण नसेल तर शिडातल्या आडव्या पट्ट्या बघा, त्यांना बॅटन म्हणतात. त्यांची पुढची टोकं डोलकाठीच्या पुढे डोकावत असतील तर डाउनहॉल कमी पडलाय. ती साधारण काठीच्या मध्यापर्यंत मागे सरकायला हवीत.

हे सगळं मी गेल्या संक्रांतीला अकोटला मामाला सांगत होते. मामा म्हणजे अस्सल वऱ्हाडी शेतकरी, पोहता येत नाही, समुद्र एकदाच पाहिलेला. मी ताटाखालच्या वर्तमानपत्रावर पेनने शीड काढून दाखवलं. मामाने तीळगुळाचा लाडू खात सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मंग हे त उपननंच झालं ना व!'

मी म्हटलं, कसं काय?

'अवं, तिवईवर उभं राहून टोपल्यातून धान सोडा लागते का नाही? वारं मंद असन तं हात वर घ्या लागते, बारीक धार सोडा लागते. वारं वाढलं का टोपलं खाली. नाही तं कुटारासंगं दानेबी जातात उडून. तुह्या त्या पाटीवर अजून काय येगळं हाय?'

आता थ्रेशर आल्यापासून खळ्यावरची उपणणी जवळपास संपलीच. पण हे मामाच्या हातात बसलेलं होतं. आणि खरं सांगू? बूमच्या उंचीचं गणित अगदी हेच आहे. मंद वाऱ्यात बूम जरा वर, खांद्याच्या पातळीला किंवा थोडी वरही, म्हणजे आपलं वजन तिला लटकून पायावरून कमी होतं आणि बोर्ड लवकर पळतो. वारा वाढला की बूम थोडी खाली, म्हणजे आपण खाली बसतो आणि ताबा राहतो. मामाने 'टोपलं खाली' म्हटलं आणि मी वहीत लिहून घेतलं. मामी मागून म्हणाली, 'कोनाले शिकवून राहिले तुम्ही? तिचं लगन जमवा आधी.' असो.

आउटहॉलकडे वळू. हा शिडाचं पोट ठरवतो. सैल सोडला की पोट खोल, ताकद जास्त. ओढला की पोट सपाट, ताकद कमी आणि ताबा जास्त. मंद वाऱ्यात आपल्याला ताकद हवी, म्हणून जेमतेम ओढायचा. फक्त शीड बूमला चिकटून बसायला नको. वाऱ्याने जोर धरला की आणखी दोन-चार सेंटिमीटर. पण एक पथ्य. आधी डाउनहॉल पूर्ण लावायचा, मगच आउटहॉल. कारण डाउनहॉलला जोर जास्त लागतो, बोटं दुखतात, आणि आळशी माणूस डाउनहॉल अर्धवट सोडून सगळी कसर आउटहॉलवर काढतो. त्याने शीड सपाट दिसतं खरं, पण शेंडा ताठच राहतो. वरून चिडकं, खालून निर्जीव. असं शीड मी समोरून येताना ओळखते. त्यावरचा माणूस दर मिनिटाला मागच्या हाताने बूम ओढत असतो.

मागच्या हाताचं लक्षात ठेवा. पाण्यावर असताना शिडाचा आकार दिसत नाही, हात सांगतात. सगळा भार मागच्या हातावर येत असेल तर जोर शिडात मागे सरकलाय, बाहेर या आणि डाउनहॉल ओढा. उलट मागच्या हातात काहीच वाटत नाही, नुसतं पुढचा हात ओढला जातोय आणि बोर्ड रेंगाळतोय, तर दोऱ्या जरा जास्तच ताणल्यात. थोडं सोडा.

याचं महत्त्व मला एका दुपारी नीट दिसलं. जागेचं नाव घेत नाही, कारण हा प्रकार बऱ्याच ठिकाणी चालतो. सकाळी नऊला तिथली पोरं सगळी शिडं एकदाच बांधतात, मंद वाऱ्याच्या हिशोबाने, आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच भाड्याने फिरत राहतात. त्या दिवशी पावणेतीनला पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले होते. पुण्याचा एक आयटीवाला, दुसऱ्याच दिवसाचा विद्यार्थी, सकाळचं तेच शीड घेऊन निघाला. शेंड्यापर्यंत ढोलकीसारखं ताठ. पन्नास मीटरवर पहिला झोत आला आणि तो शिडावरून पलीकडे उडाला. उठला, परत उडाला. वारा किनाऱ्याला समांतर होता, प्रत्येक पडण्याबरोबर तो खडकांकडे सरकत होता. चौथ्यांदा तो उठलाच नाही, बोर्डाला मिठी मारून पडून राहिला. बोट गेली आणि त्याला घेऊन आली. लागलं काही नव्हतं, पण ओठ निळे आणि गुडघे थरथरत होते. आणि काउंटरवरचा मुलगा त्याला काय म्हणाला? 'सर, तुमचा बॅलन्स वीक आहे.'

मला त्या वाक्याचा अजून राग येतो.

तिथेच एक जुने ट्रेनर काका होते, मितभाषी. त्यांनी ते शीड वाळूवर आडवं पाडलं, काठीच्या पायथ्याला पाय लावला आणि दोरी ओढली. तीन सेंटिमीटर असेल, फार तर. शेंडा सैल पडला. मग आउटहॉल थोडा, बूम दोन बोटं खाली, डोलकाठीचा पाया बोर्डावर जरा पुढे. मला म्हणाले, 'घे.' मी घेतलं. तेच शीड, तोच वारा, आणि वजनाने मी त्या मुलापेक्षा निदान वीस किलो कमी. झोत यायचा तेव्हा वरचा भाग पुस्तकाच्या पानासारखा उघडायचा आणि मिटायचा, बूम हातात तशीच राहायची. पंधरा मिनिटांनी परत आले तेव्हा तो आयटीवाला टॉवेल गुंडाळून बसला होता. मी त्याला सांगितलं, बॅलन्सचा प्रॉब्लेम नव्हता, दोरीचा होता. तो हसला, पण परत पाण्यात गेला नाही. त्या ट्रिपला तरी नाही.

म्हणून म्हणते, भाड्याचं शीड घेताना विचारा, कधी बांधलंय? कुणासाठी बांधलंय? वारा बदलला असेल तर बांधून द्या म्हणा. लाजायचं कशाला, पैसे आपण मोजतोय.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा दोरीला इतका भाव? मग थेट ऑलिम्पिककडे बघा. विंडसर्फिंग पुरुषांसाठी १९८४ च्या लॉस एंजेलिसला आणि महिलांसाठी १९९२ च्या बार्सिलोनाला ऑलिम्पिकमध्ये आलं. २००८ च्या बीजिंगपासून टोकियोपर्यंत आरएस-एक्स नावाचा बोर्ड होता. २०२४ च्या पॅरिसला आयक्यू-फॉइल आला, जो खालच्या पात्यांमुळे पाण्याच्या चक्क वर उचलला जातो. या सगळ्यात नियम असा की सगळ्यांना बोर्ड सारखाच आणि शीडही सारखंच. आरएस-एक्समध्ये पुरुषांना साडेनऊ चौरस मीटर, महिलांना साडेआठ. वारा मंद असो की वेडापिसा, शीड तेच. साइज बदलायची सोयच नाही. म्हणजे वाऱ्यानुसार बदलण्यासारखं उरलं काय? दोऱ्या, बूम, डोलकाठीच्या पायाची जागा आणि स्वतःचं शरीर. २०२३ मध्ये झालेल्या हांगझाऊ एशियन गेम्समध्ये आपल्या इबाद अलीने आरएस-एक्समध्ये ब्राँझ जिंकलं, ते अशाच सारख्या सामानावर. गोव्याची कात्या कोएल्हो आणि तिचा भाऊ डेन हेही याच खेळातले. रेसिंगच्या शिडांवर आउटहॉलची दोरी बूमवरच हाताशी असते, चालत्या बोर्डावर ती ओढता-सोडता येते. आपल्याला तेवढी चैन नाही, आपण किनाऱ्यावर या, दोरी ओढा, परत जा.

जाता जाता माझा एक लाडका किस्सा. फळीवर शीड लावायची कल्पना कॅलिफोर्नियाच्या हॉइल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक या जोडीच्या नावावर आहे. ड्रेक विमानशास्त्राचा इंजिनीअर, आणि शिडाला सगळीकडे फिरवणाऱ्या सांध्यासकट त्यांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पण त्यांच्याआधी, १९६४ च्या सुमाराला, पेनसिल्व्हेनियात न्यूमन डार्बी नावाच्या माणसाने असा बोर्ड केला होता. त्याचं शीड कसलं होतं माहितीये? पतंगाच्या आकाराचं! आणि पेनसिल्व्हेनियाच्या त्याच्या भागाला समुद्र लागून नाही. अकोटच्या पोरीने हे वाचून खूश व्हायचं नाही तर काय? पतंगाला दोरा बांधताना आपण वरची गाठ जरा अलीकडे-पलीकडे करून त्याला त्या दिवसाच्या वाऱ्याजोगा करतोच की. गच्चीवरच्या पोरांना डाउनहॉल शिकवायला मला पाच मिनिटं लागली. मामाला तेवढीही नाही.

वारा मोजायला आता विंडगुरू आणि विंडीसारखी ॲप्स आहेत, बघा जरूर. पण ॲपवर दिसतो तो अंदाज, समोरच्या खाडीतला वारा नव्हे. पाण्यावर तुरळक पांढरे फेस म्हणजे दहाच्या आसपास नॉट, सगळीकडे फेस म्हणजे पंधराच्या पुढे. ही खूण जमली की निम्मं काम झालं. आणि दोन शिडांत मन अडकलं तर लहान घ्या. मंद वाऱ्यात लहान शिडाने फार तर कंटाळा येतो.

सकाळच्या वाऱ्याबद्दल मात्र एक कडक सूचना. तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. किनाऱ्यालगत पाणी कसं काचेसारखं सपाट, नवशिक्याला वाटतं वा, काय सेफ! हाच वारा तुम्हाला आत घेऊन जातो, आणि आत गेल्यावर तो जोराचा असतो. बोट सोबत नसेल तर त्या वेळी शीड कसंही बांधा, जायचं नाही. आईने मला लाइफ जॅकेटची शपथ घातलीये, मी ही दुसरी स्वतःच घेतलीये.

सोडतानाचा क्रम उलटा, आधी आउटहॉल, मग डाउनहॉल. गोड्या पाण्याने धुवा, कप्प्यांतली वाळू काढा, नाही तर पुढच्या वेळी दोरी अडते आणि बोटं सोलतात. उन्हात पसरून गप्पा मारत बसू नका, पारदर्शक फिल्म उन्हाने कडक होऊन तडकते. शेंड्याकडून गुंडाळत यायचं, दुमडायचं नाही. जून ते सप्टेंबर समुद्र बंद. तोवर माझं साडेचारचं शीड पुण्यात पलंगाखाली, आणि डाउनहॉलची जुनी दोरी अकोटला. मामाने ती गोठ्यात नेली. म्हणे, लय मजबूत हाय.